नळी नवी, पण सांध्याचे काय? जळगावातल्या एका बोल्ट-अ‍ॅक्शन एअर रायफलचे प्रकरण

रायफल १७७ बोअरची, म्हणजे ४.५ मिलिमीटरची. दाबलेल्या हवेवर चालणारी, पीसीपी म्हणजे आधीच हवा भरून ठेवायच्या (प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक) जातीची. घडण शिकारी: लाकडी दस्ता, बाजूला छर्रा आत ढकलणारा सरकता बोल्ट, नळीखाली २०० बारपर्यंत भरायचे हवेचे सिलिंडर, वर स्कोप. घडण शिकारी असली तरी हिने शिकार करायची नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि छर्ऱ्याच्या बंदुकीला त्यातून सूट नाही. केळीच्या पट्ट्यात माकडांवर नाहीतर पाखरांवर वापरायला म्हणून अशा बंदुका विकत घेणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्यासाठी हे आधीच सांगितलेले बरे. ही रायफल जळगावातल्या एका सराव केंद्राची, २५ मीटरवर कागदी लक्ष्यावर चालणारी.

तक्रार साधी होती. पूर्वी पाच छर्रे दहा-बारा मिलिमीटरच्या वर्तुळात पडायचे, आता ४५ मिलिमीटरवर पसरतात. केंद्रातल्यांचा निकाल आधीच ठरलेला होता: नळी गेली, नवी टाका.

नळी खरोखर गेलेली होती. पण पसाऱ्यातला जेमतेम निम्मा दोष तिचा होता. उरलेला दोष नळी ज्या भोकात बसते तिथे होता, आणि तो तसाच ठेवून नवी नळी बसवली असती तर पैसे पाण्यात गेले असते. म्हणून आधी तपासणीचे सविस्तर सांगतो, लेथचे त्यानंतर.

तपासणी

छर्रे पसरायला लागले की संशय स्वस्त गोष्टींपासून धरावा. स्कोपच्या रिंगांचे स्क्रू, दस्त्याचा मुख्य बोल्ट, छर्ऱ्याचा बदललेला डबा. इथे तिन्ही ठीक होते. मग क्रोनोग्राफवर, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, वेग घेतला. ०.५४७ ग्रॅमचा (८.४४ ग्रेन) छर्रा सरासरी २५० मीटर प्रति सेकंदाने निघत होता आणि दहा छर्ऱ्यांत कमी-जास्त फरक फक्त ४ मीटरचा. वेग इतका सारखा असेल तर व्हॉल्व, त्याला ठोकून उघडणारा हॅमर आणि सील यांच्यावरचा संशय जवळपास मिटतो. हवेची बाजू निर्दोष, म्हणजे आता नळी किंवा तिची बैठक.

नळी पाहण्याआधी सिलिंडर पूर्ण रिकामे केले. यात घाई नको. रिकामे करायचा स्क्रू असेल तर तो पाव-पाव फेऱ्याने, डोळ्यांवर चष्मा लावून. गेजचा काटा शून्यावर आला तरी आत थोडा दाब राहतो, म्हणून शेवटी छर्ऱ्याशिवाय, सुरक्षित दिशेला धरून, आवाज येईनासा होईपर्यंत चाप ओढायचा. वीस बारसुद्धा एखादा प्लग उडवून हाताला जबर इजा करायला पुरेसे असतात.

नळी ज्या ब्लॉकमध्ये बसते त्याच्या वरच्या बाजूला, स्कोप बसवायच्या रेलमध्येच, एम५ चे (५ मिलिमीटरचे) दोन ग्रब स्क्रू, म्हणजे डोके नसलेले स्क्रू, होते. ते ढिले केल्यावर नळी बोटांनी ओढताच बाहेर आली. खरे तर ही पहिली खूण होती. चांगली बसलेली नळी अशी येत नाही, ती फिरवत, थोडी अडत, हवा ओढत येते.

मापे घेतली. ब्लॉकचे भोक टेलिस्कोपिक गेज आणि मायक्रोमीटरने तीन खोलींवर, दोन-दोन दिशांनी: १३.०२ मिलिमीटर, सगळीकडे सारखे. नळीचा आत जाणारा शेपटा: १२.९४. म्हणजे ढील ०.०८. शेपट्यावर एमरी पेपरचे आडवे ओरखडे स्वच्छ दिसत होते. कुणीतरी पूर्वी नळी काढून गंज साफ केला होता आणि गंजाबरोबर लोखंडही साफ केले होते.

शंभरातल्या आठ भागांनी काय होते, असे वाटणाऱ्यांसाठी हिशेब. शेपटा ४५ मिलिमीटर आत बसतो. एवढ्या लांबीत ०.०८ ची ढील असेल तर नळी तिरपी होण्याची कमाल मर्यादा ०.०८ भागिले ४५. ते प्रमाण २५ मीटरवर नेले की ४४ मिलिमीटर येतात. प्रत्येक छर्ऱ्याला नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत हलते असे नाही. स्क्रू तिला दाबून धरतातच. पण दोन्ही स्क्रू एकाच बाजूने दाबणारे, खाली ट्रान्सफर पोर्टची (हवा नळीत नेणाऱ्या भोकाची) मऊ बुशी. त्यामुळे धक्क्याने, उन्हाने, बंदूक भिंतीला टेकवल्याने नळीचे तोंड त्या मर्यादेत कुठेही सरकते आणि तिथेच थांबते.

दोष सांध्याचा किती आणि नळीचा किती, हे कळायला एक स्वस्त युक्ती आहे. स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियम फॉइल साधारण ०.०१२ मिलिमीटर जाड असतो. एक वेढा दिला की व्यास ०.०२४ ने वाढतो, तीन वेढ्यांनी ०.०७ च्या आसपास. पोर्टच्या भोकावर फॉइल येणार नाही असे पाहून तीन वेढे दिले, नळी परत बसवली आणि त्याच छर्ऱ्यांनी, त्याच टेकूवरून पाहिले. पसारा ४५ वरून २६ वर आला. सव्वीस म्हणजे अजूनही वाईटच, पण सुमारे एकोणीस मिलिमीटर फक्त सांध्याने खाल्ले होते हे सिद्ध झाले.

आता नळीचे आतले अंग. आधी फेल्टच्या गोळ्या आणि सौम्य सॉल्व्हंटने शिसे काढले, कारण शिसे साचलेल्या नळीला लोक सहज मेलेली ठरवतात. मग एक छर्रा मागच्या बाजूने लाकडी दांडीने हळूहळू ढकलत नेला. या चाचणीला यंत्र लागत नाही, बोट पुरते. चांगल्या नळीत सुरुवातीला दाब लागतो, मग सगळीकडे एकसारखा घट्टपणा आणि शेवटच्या तीन-चार सेंटिमीटरमध्ये, चोक (तोंडाशी मुद्दाम ठेवलेला किंचित अरुंद भाग) असलेल्या नळीत, थोडा जास्त. इथे मध्यावर छर्रा दोन ठिकाणी अडला आणि पुढे चोकमध्ये सैल झाला. तोंडाशी भिंगातून पाहिले तर आट्यांची (छर्ऱ्याला फिरकी देणाऱ्या आतल्या पिळदार खाचांची) एका बाजूची कडा घासून गोल झालेली. लोखंडी सळईला पितळी ब्रश लावून पुढच्या तोंडातून नळी साफ करण्याचा हा परिणाम. सळई दरवेळी एकाच कडेला टेकते आणि नेमकी तीच कडा छर्ऱ्याला शेवटची दिशा देते. मधले अडकणे गंजाच्या खड्ड्यांचे. जळगावची हवा आठ महिने कोरडी, त्यामुळे इथे नळीला तेल लावायची कुणाला सवय नसते. मग श्रावणातल्या दमट हवेत, हातपंपाने ओढलेल्या ओल्या हवेवर चालवलेली बंदूक कपाटात तशीच राहते.

तोंडाकडून पन्नास मिलिमीटर कापून नवा क्राउन (नळीच्या तोंडाची शेवटची कड) काढावा, असा एक पर्याय होता. तो सोडला, कारण चोक त्याच पन्नास मिलिमीटरमध्ये होता आणि खड्डे त्याच्याही मागे. नळीचे अंग चांगले असते तर मात्र नवी नळी घ्यायची गरजच नव्हती: शेपट्यावर बुश चढवून, तो भोकाच्या मापाला टर्न करून काम संपले असते. बंद पडलेल्या मॉडेलांच्या बाबतीत हाच उपाय आधी तपासावा.

नवी नळी आणि कागदपत्र

कंपनीची तयार नळी या जुन्या मॉडेलला मिळत नव्हती. म्हणून १६ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची, १७७ बोअरची, बारा आट्यांची, तोंडाशी चोक असलेली कोरी नळी घेतली. लांबी ६०० मिलिमीटर.

कायद्याचा भाग थोडक्यात. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे १७७ पर्यंत बोअर आणि २० ज्यूलपर्यंत मुखऊर्जा (छर्रा तोंडातून निघतानाची ऊर्जा) असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. दोन्ही अटी एकदम पाळायच्या आहेत. म्हणून या ब्लॉकला २२ बोअरची (५.५ मिलिमीटर) नळी लावून घ्या म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणायचे, कारण त्याने बंदूक परवान्याच्या वर्गात जाते. आणि नळी बदलल्यावर ऊर्जा मोजून नोंदवायची. ते पुढे येईल. काडतुसाच्या रायफलीची नळी हा वेगळाच प्रांत. ते काम १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील परवानाधारक दुरुस्तीवाल्याचेच, एमआयडीसीतल्या लेथवर ते होत नाही, होऊ नये.

लेथवर

खानदेशात लेथची कमी नाही. जिनिंगच्या रोलरचे शाफ्ट, सबमर्सिबल पंपाचे शाफ्ट, ठिबकच्या साच्यांचे भाग करणारे चांगले टर्नर जळगाव, भुसावळ, धुळ्यात आहेत. अडचण हाताची नसते, सवयीची असते. पंपाच्या शाफ्टला पाच शतांश इकडेतिकडे चालतात आणि सैल बसलेला भाग घट्ट करायची ठरलेली तोड म्हणजे नर्लिंग, अंगावर दाबून दाते उठवणे. इथेही सुचवले गेले तेच: “भाऊ, शेपट्यावर नर्लिंग मारून देतो, ठोकून बसेल.” ठोकून बसेल हे खरे. पण नर्लिंगचे दाते भोकाला काही बिंदूंवरच टेकतात, अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक मऊ असल्यामुळे ते त्यात रुततात आणि दुसऱ्यांदा नळी काढली की भोक कायमचे बिघडते. पंच मारून फुगवणे त्याहून वाईट.

पहिले काम कापण्याचे, आणि सगळ्यात महागडी चूक इथेच होते. चोक कोणत्या टोकाला आहे ते छर्रा ढकलून आधी नक्की करायचे, त्या टोकाला रंगाची खूण करायची. जादा लांबी फक्त मागून कापायची. इथे ६०० मधून ११८ मिलिमीटर मागून काढले, एक-एक मिलिमीटर दोन्ही टोके फेस (काटकोनात सपाट) करायला ठेवले. तयार लांबी ४८०.

नळी लेथच्या हेडस्टॉकमधून आरपार घातली. पुढे फोर जॉ चक (चारही जबडे स्वतंत्र सरकणारी पकड), मागच्या टोकाला स्पिंडलवर चार एम६ बोल्टांचे कडे, बोल्टांच्या टोकांना पितळ. तिन्ही जबडे एकदम सरकणाऱ्या थ्री जॉ चकचा मोह होतो, कारण त्यात नळी लगेच मध्यावर आल्यासारखी वाटते. पण ती मध्यावर येते बाहेरच्या अंगाने. आतले भोक बाहेरच्या अंगाशी तंतोतंत समकेंद्री असतेच असे नाही आणि आपल्याला काम भोकाच्या अक्षावर करायचे आहे. म्हणून आट्यांच्या उंचवट्यांना जेमतेम सरकून बसेल अशी घासलेली गेज पिन भोकात घालून, ४० मिलिमीटर बाहेर ठेवून, तिच्यावर डगमग दाखवणारा सुईचा डायल लावला. भोकाच्या तोंडाशी आणि पिनच्या टोकाशी, दोन्हीकडे फरक ०.००५ च्या आत येईपर्यंत पुढचे जॉ आणि मागचे बोल्ट आळीपाळीने. फक्त तोंडाशी शून्य आले आणि टोकाशी नाही, तर नळी तिरपी धरलेली आहे. अर्ध्याहून जास्त वेळ इथेच जातो, आणि जायलाच हवा.

मग शेपटा. भोक १३.०२, शेपट्याचे लक्ष्य १३.००५, म्हणजे ढील पंधरा सहस्रांश. लांबी ४५. सुरुवातीचे काप व्यासावर ०.४ चे, शेवटचे दोन ०.०५ चे, धारदार कार्बाइडने, बारीक फीडने. एमरीने माप आणायचे नाही. एमरी कडांना जास्त आणि मध्यावर कमी खाते, शेपटा ढोलकीसारखा होतो आणि मायक्रोमीटर मध्यावर लावणाऱ्याला ते दिसत नाही.

तापमानाचा मुद्दा खानदेशात टाळता येत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४५ अंशांच्या वर पारा असतो आणि नुकताच टर्न केलेला तुकडा त्याहून गरम. तेरा मिलिमीटरचे पोलाद ३० अंशांनी तापले की सुमारे ०.००५ ने फुगते. गरम असताना १३.००५ मोजले तर थंड झाल्यावर ते १३.००० भरते, म्हणजे ठरवलेल्या ढिलीत एक तृतीयांश भर. म्हणून शेवटच्या कापाआधी तुकडा आणि मायक्रोमीटर दोन्ही एका तापमानाला येऊ दिले, आणि शेवटचा काप सकाळी घेतला. अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतो, त्यामुळे भर उन्हात सांध्याची ढील आपोआप पाच सहस्रांश वाढते. पंधराचे वीस झाले तर चालते. ऐंशी असते तिथे हा विचार करण्यात अर्थच नसतो.

१६ वरून १३ वर उतरताना जो खांदा तयार होतो तो ब्लॉकच्या तोंडाला पूर्ण टेकला पाहिजे. टूलच्या टोकाला त्रिज्या असल्याने कोपऱ्यात थोडे लोखंड राहते आणि खांदा अडून बसतो. त्यासाठी कोपऱ्यात ०.२ खोल, १ मिलिमीटर रुंद खाच मारली.

छर्ऱ्याचे घर

याच बांधणीत, नळी चकमधून न काढता, मागचे तोंड. जुन्या नळीवरून मापे घेतली होती: मागच्या टोकापासून १४ मिलिमीटरपर्यंत आटे काढून भोक ४.६० चे, त्यापुढे अडीच मिलिमीटर लांबीचा उतार, दर बाजूला सुमारे दोन अंश, मग आटे. ट्रान्सफर पोर्टचे केंद्र ११.५ वर, भोक ३.५ चे, म्हणजे पोर्टची पुढची कड १३.२५ वर येते. बोल्टचा प्रोब (पुढची बारीक दांडी) छर्रा ढकलतो तेव्हा छर्ऱ्याचा मागचा घेर या कडेच्या एक मिलिमीटर तरी पुढे गेला पाहिजे. नाहीतर हवा घेराखाली न जाता त्याच्या अंगावर आदळते आणि घेर एका बाजूने दुमडतो.

उतार फार तीव्र असेल तर बोल्ट बंद करताना छर्ऱ्याचे डोके ठेचते. फार लांब असेल तर छर्रा सैल राहून दरवेळी वेगळ्या जागी थांबतो. दोन अंश हा मधला मार्ग आहे आणि बहुतेक छर्ऱ्यांना जमतो. रीमर (भोक मापाला आणायचे हत्यार) हाताने, तेल लावून, अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने. मागच्या तोंडाला नुसती केसभर चॅम्फर (तिरकी कड), कारण प्रोबवरची ओ-रिंग (रबरी कडी) दरवेळी याच कडेवरून आत जाते. कड बोचरी राहिली की शंभर-दोनशे छर्ऱ्यांत ओ-रिंग कापली जाते आणि वेग घसरतो.

पोर्टचे भोक मोजपट्टीने आखायचे नाही. नळी ब्लॉकमध्ये खांद्यापर्यंत बसवून, ब्लॉकच्या खालच्या भोकातूनच नळीवर खूण घ्यायची. मग नळी काढून व्ही ब्लॉकवर घट्ट धरायची, ६ मिलिमीटरच्या एन्ड मिलने ०.८ खोल सपाट जागा करायची आणि तिच्या मध्यावर ३.५ चे भोक पाडायचे. ०.८ हे माप उगाच नाही: १३ च्या गोलावर ६ रुंदीची पूर्ण सपाटी मिळायला ०.७३ खोली लागते.

या भोकाचा आतला बर हा नव्या नळ्यांचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. ड्रिल आतल्या भिंतीला फोडून बाहेर येते तिथे पात्यासारखी कड उभी राहते. छर्रा तिच्यावरून सरकला की त्याच्या मऊ शिशावर लांब ओरखडा पडतो, आणि ओरखडलेला छर्रा सरळ जात नाही. ४.५ च्या पितळी दांडीला ६०० ग्रिटची पेस्ट लावून, तो भाग हळू घासून बर काढला. गाड्यांचे व्हॉल्व घासायची नेहमीची पेस्ट इथे वापरू नये, ती फार जाड. मग छर्रा पोर्टच्या पुढे ढकलून परत मागे काढला आणि भिंगातून पाहिला. अंगावर एकही रेघ नाही, असे दिसेपर्यंत हेच करत राहायचे.

ग्रब स्क्रूंच्या टोकांसाठी शेपट्यावर ९० अंशांचे, १ मिलिमीटर खोल खळगे केले. खळग्याचे केंद्र स्क्रूच्या केंद्रापेक्षा ०.२ मिलिमीटर नळीच्या तोंडाकडे. त्यामुळे स्क्रूचा शंकू खळग्याच्या मागच्या भिंतीला रेटतो आणि नळी मागे ओढली जाऊन खांदा ब्लॉकला आवळून बसतो. हा फरक उलट दिशेने पडला तर प्रत्येक आवळणीत नळी बाहेर ढकलली जाते, आणि वरून पाहणाऱ्याला सगळे व्यवस्थित दिसते.

क्राउन

नळी उलटी फिरवून पुन्हा पिन, पुन्हा डायल. मागच्या टोकाची मांडणी इथे कामाची नाही. तोंड फेस केले, मग ११ अंशांचा आत उतरता क्राउन, काप भोकाकडून बाहेर. शेवटी पितळी गोल डोक्याच्या स्क्रूला ८०० ग्रिटची पेस्ट लावून भोकाच्या कडेवर हलके फिरवले, ड्रिलचे हँडल सतत गोलाकार हलवत. कडेवर सगळीकडे सारखी, केसाइतकी चमकती रेघ दिसली की थांबायचे. कान साफ करायच्या कापसाच्या काडीने तपासावे: कापूस आतून बाहेर ओढताना एकही धागा अडकता कामा नये.

जोडणी

नळी आतून स्वच्छ करून, शेपट्याला तेलाचा पुसट हात देऊन ब्लॉकमध्ये घातली. ती फिरवत, हवेचा दाब जाणवत बसली. चिकटवायचे द्रव वापरले नाही. ढील ०.०५ च्या पुढे असेल तेव्हा त्याला अर्थ आहे. नीट माप असलेल्या सांध्यात ते फक्त पुढच्या दुरुस्तीवाल्याला त्रास देते.

ट्रान्सफर पोर्टची बुशी नवी करावी लागली. जुनी बुशी सैल नळीला उचलून धरायची म्हणून कुणीतरी लांब केलेली होती. अ‍ॅसिटलची, म्हणजे कडक प्लॅस्टिकची, ६ बाहेर, ३.५ आत, आणि लांबी अशी की नळी बसल्यावर ०.१ ते ०.१५ दाबली जाईल. याहून लांब असेल तर ती नळीचे मागचे टोक वर ढकलते, आखूड असेल तर फुसफुस ऐकू येते. ग्रब स्क्रू आळीपाळीने, शेवटी २.५ न्यूटन मीटर. अ‍ॅल्युमिनियममधले स्क्रूचे आटे त्यापुढे माफ करत नाहीत. सील आणि ओ-रिंगांना फक्त सिलिकॉन ग्रीस लावायचे. दाबलेल्या हवेच्या वाटेत खनिज तेल गेले तर ते पेटू शकते, आणि तो धोका सिलिंडरच्या आतला असतो.

पहिली चाचणी आणि उरलेला दोष

१८० बारवर पाच छर्रे ९ मिलिमीटरमध्ये. काम झाले असे वाटावे असा निकाल. पण दाब १२० वर येईपर्यंत नेम चालू ठेवला तेव्हा सगळा समूह, घट्टपणा न सोडता, १४ मिलिमीटर खाली सरकला.

वेग कमी झाला म्हणून छर्रा खाली पडला, हे पहिले उत्तर सगळे देतात. आकडे ते मान्य करत नाहीत. १८० ते १२० मध्ये वेग फक्त ३ मीटरने घसरला होता. २५ मीटर जायला या छर्ऱ्याला सेकंदाचा दहावा भाग लागतो आणि तेवढ्यात तो सुमारे पाच सेंटिमीटर पडतो. वेगातल्या सव्वा टक्क्याच्या घसरणीने त्यात एक-दीड मिलिमीटरची भर पडेल. चौदा नाही. म्हणजे नळीच वाकत होती.

कारण पुढच्या पट्टीत होते. नळी आणि सिलिंडर यांना जोडणारी धातूची पट्टी दोन स्क्रूंनी नळीवर आवळलेली होती. सिलिंडर दाबाने लांबते आणि दाब उतरला की आखडते. फरक काही शतांश मिलिमीटरचा, पण नळी त्याला दोन ठिकाणी बांधलेली असेल, मागे ब्लॉकमध्ये आणि पुढे पट्टीत, तर त्या फरकाने ती वाकते. जुन्या नळीच्या पसाऱ्यातही याचा वाटा असणार. तेव्हा तो बाकीच्या गोंधळात दिसत नव्हता.

पट्टीचे भोक १७ मिलिमीटरचे केले आणि स्क्रू काढून टाकले. आता नळी पट्टीच्या आत कुठेही न टेकता मोकळी आहे. पाहण्यासाठी ०.३ जाडीचे व्हिजिटिंग कार्ड नळीभोवती पूर्ण फिरले पाहिजे, आणि तेही सिलिंडर भरलेले असताना. रिकामे असताना फिरते आणि भरल्यावर अडते असे होते. त्यानंतर १८० आणि १२० बारच्या समूहांत फरक दोन मिलिमीटरचा राहिला. पट्टीतल्या आधाराशिवाय नळीला धक्का लागायची भीती असते, ती खरी आहे. पण आता सांधा पंधरा सहस्रांशाचा आहे, नळी तिथे हलायला जागा नाही.

ऊर्जेची नोंद

नवी नळी जुनीपेक्षा तीन सेंटिमीटर लांब, आणि पीसीपीमध्ये लांब नळी म्हणजे जास्त वेग. ०.५४७ ग्रॅमचा छर्रा २५० ऐवजी २५८ ने निघू लागला, १८.२ ज्यूल. एवढ्यावर थांबून चालत नाही. पीसीपीमध्ये जड छर्रा जास्त ऊर्जा घेऊन निघतो, स्प्रिंगच्या बंदुकीत बहुधा उलटे असते. ०.६७ ग्रॅमच्या छर्ऱ्याने २४३ दाखवले, म्हणजे १९.८ ज्यूल. कागदावर हे वीसच्या आत आहे, पण क्रोनोग्राफची चूक एक टक्का धरली तरी सीमा ओलांडते. हॅमर स्प्रिंगचा ताण थोडा कमी करून जड छर्रा २३५ वर, १८.५ ज्यूलवर आणला. समूहावर परिणाम झाला नाही आणि एका भरणीतले छर्रे वाढले. केंद्राच्या वहीत नळीचे माप, दोन्ही छर्ऱ्यांचा वेग, ऊर्जा आणि तारीख असे लिहिले गेले.

छर्ऱ्याची निवड पुन्हा करावी लागते, हे मालकांना पटत नाही. जुन्या नळीला ४.५२ मिलिमीटर डोक्याचा छर्रा आवडायचा, नव्या नळीने ४.५० आणि ४.५१ मध्ये चांगला समूह दिला, ४.५२ मध्ये १४ मिलिमीटर. नव्या नळीत छर्ऱ्याच्या शिशाचा पातळ थर बसून ती स्थिर व्हायला तीस-पन्नास छर्रे जातात, त्याआधी निकाल लावू नये.

देखभालीच्या सूचना दारावर लावल्या आहेत. सफाई मागच्या बाजूने, दोरीने ओढायच्या फेल्टने; पितळी ब्रश आणि लोखंडी सळई बंद. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत वापर संपल्यावर तेलाचा एक फेल्ट नळीतून, आणि पुढच्या वेळी पहिल्या छर्ऱ्याआधी एक कोरडा. हातपंप वापरताना ओलावा शोषणाऱ्या गोळ्यांचा फिल्टर, आणि गोळ्यांचा रंग बदलला की त्या बदलायच्या. पहिल्या दोनशे छर्ऱ्यांनंतर दोन ग्रब स्क्रू एकदा तपासायचे, २.५ न्यूटन मीटरलाच. शेपट्याला एमरी लावायची नाही. वर गंज दिसला तर तेल आणि कापड.